शेजारच्या कॉटवरचं वजन

आधी सगळ्यांच्या कपात चहा ओता, मग सांगतो. एकदा सुरुवात केली आणि मध्येच कुणी साखर मागितली, तर पुढचं सांगायची हिंमत होणार नाही मला. गेल्या महिन्यात माझ्या हातून जे घडलं ते मी सख्ख्या भावापासूनही लपवलंय. तुम्हाला सांगतो, कारण तुमच्यापैकी कुणाचीही सोयरीक खारबावला नाही, हे मी तपासून घेतलंय.

मी चौतीस वर्षं भिवंडीजवळ राहनाळच्या गोदामांत वजनकाट्यावर क्लार्क होतो. भरलेला ट्रक यायचा, काट्याच्या लोखंडी फळीवर उभा राहायचा, आणि मी केबिनमधून आकडा बघून पावती फाडायचो. एवढंच काम. पण चौतीस वर्षं एकच काम केलं की त्यातून माणसाचं एक तत्त्वज्ञान तयार होतं. माझं असं होतं: ड्रायव्हर खोटं बोलेल, मालक खोटं बोलेल, काटा बोलणार नाही. निवृत्तीनंतर मी बरेच जाडजाड ग्रंथ वाचले, त्यांत याहून पक्कं काही सापडलं नाही.

या तत्त्वज्ञानानंच माझा घात केला.

झालं असं की माझा उजवा गुडघा बदलला. डावाही तितकाच कामातून गेलेला. पण डॉक्टर म्हणाले, "एका वेळी एक. वजन किती तुमचं?"

"ब्याऐंशी."

"बारा आठवड्यांनी दाखवायला या. अठ्ठ्याहत्तरच्या आत असाल तर डाव्याची तारीख देतो. नसाल तर नाही."

तारीख मला हवीच होती. एक पाय नवा आणि सरळ, एक पाय जुना आणि धनुष्यासारखा, अशा जोडीवर चालणारा माणूस पावलापावलाला कुणाला तरी नमस्कार करतोय असं दिसतं. तेही चाललं असतं. पण आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्टच्या जागी बिल्डरनं तुळस लावलेली. डावा गुडघा झाला नाही तर खाली उतरणं संपलं. वाचनालय संपलं, हा कट्टा संपला, हा चहा संपला. उरलेलं आयुष्य गॅलरीतून लोकांची टकलं मोजत काढायचं.

हॉस्पिटल कुठलं ते विचारू नका. खोली दोन कॉटची होती. शेजारच्या कॉटवर खारबावचे एक पाटील. त्यांचाही उजवाच गुडघा, माझ्यानंतर दुसऱ्या दिवशी झालेला. वजन एकशे सात. त्यांनी कूस बदलली की कॉट एक लांब, दमलेला आवाज काढायची. पहिल्याच दिवशी आमच्या हिचा डबा आला आणि पाटलांनी मान वळवली.

"साहेब, काय आलाय डब्यात?"

"भात आणि आमसुलाचं सार. पण सार मी खात नाही. दात आंबतात."

"मग हिकरं द्या. वाया कशाला घालवता?"

त्यांनी वाटी तोंडाला लावली, एका दमात रिकामी केली आणि जिभेनं टाळूला टक् असा आवाज केला. मग आमच्या हिला म्हणाले, "वयनी, तुमच्या हातचा सार प्यायला मी तुमच्या घरी येनार. जिता आलो त ठीक, न्हाय त मेल्यावर येईन. पन येनार."

ही हसली. मीही हसलो. आता विचाराल तर आम्ही दोघंही नाकारू.

तिसऱ्या दिवशी दुपारी माझा डोळा लागला होता. जाग आली ती रडण्यानं. दोन कॉटांमधला हिरवा पडदा ओढलेला, आणि पलीकडे तीन-चार बायका हमसून हमसून रडत होत्या. मग चाकांचा आवाज आला. पडदा जरा हलला आणि फटीतून मी पाहिलं. स्ट्रेचरवर पाटील होते. त्यांचं ते पोट दुसऱ्या कुणाचं असणं शक्यच नव्हतं. आणि पांढरी चादर डोक्यावरून पूर्ण ओढलेली.

थोड्या वेळानं नर्सनं येऊन गादी गुंडाळली. मी विचारलं, "पाटील?"

ती म्हणाली, "काका, तुम्ही स्वतःच्या गुडघ्याकडे लक्ष द्या. दुसऱ्याचा विचार करू नका."

जिवंत माणसाबद्दल असं उत्तर कुणी देतं का, तुम्हीच सांगा.

त्या संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास रिकामी कॉट कुरकुरली. एकदाच. लांब, दमलेला आवाज. लोखंड आहे, हवा गार झाली की वाजतं, असं मी स्वतःची समजूत घातली. पण लोखंड कूस बदलतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

घरी आलो. आता ज्यांचे गुडघे अजून जन्माचेच आहेत त्यांच्यासाठी सांगतो. बदललेला गुडघा आपला राहत नाही. तो गरम असतो. बाकी अंग गार, आणि तिथेच कुणी हात ठेवून बसल्यासारखी ऊब. बाहेरच्या बाजूची कातडी बधिर असते. तिथे हात लावला की हाताला पाय कळतो, पायाला हात कळत नाही. दुसऱ्याच कुणाच्या पायाला हात लावल्यासारखं वाटतं, आणि तो दुसरा गप्प बसून राहतो.

अगदीच गप्प नाही म्हणा. तो वाजतो. पाय सरळ केला की टक्.

एरवी ते ऐकू येत नाही. आमच्या इमारतीच्या मागेच लूमचे कारखाने. दिवसभर खडखडाट, भिंती थरथरतात, कप बशीत फिरतात. पण शुक्रवारी लूम बंद. त्या दिवशी भिवंडीत अशी शांतता पसरते की आपणच बहिरे झालो की काय असं वाटावं. आणि त्या शांततेत माझा गुडघा वाजायचा. टक्. कुणीतरी वाटीभर सार पिऊन जिभेनं टाळूला आवाज करावा, तसा.

वजन मी शुक्रवारीच करायचो. लूमच्या थरथरीत काट्याचा आकडा स्थिर राहत नाही, हे मला माझ्या धंद्यामुळे ठाऊक. घरातला काटा छोटा, काचेचा, पायांशी आकडे दाखवणारा. मी वॉकरला धरून त्यावर चढायचो आणि ही चष्मा लावून, वाकून आकडा वाचायची. मी वहीत लिहून घ्यायचो.

पहिला शुक्रवार.

"एकोणसत्तर," ही म्हणाली.

"नीट बघ."

"नीटच बघतेय. एकोणसत्तर."

ब्याऐंशीचे एकोणसत्तर! मला वाटलं, आजवर माझ्या गुडघ्यातच तेरा किलोंचं काहीतरी होतं आणि डॉक्टरांनी ते काढून फेकलं. मी सगळ्या नातेवाईकांना फोन केले. ज्यांच्याशी बारा वर्षं बोलत नव्हतो त्यांनाही केले.

दुसऱ्या शुक्रवारी एकोणसत्तर किलो आठशे. तिसऱ्या शुक्रवारी सत्तर किलो सहाशे. मी जेवण कमी केलं. चौथ्या शुक्रवारी आणखी आठशे ग्रॅम. मी भात सोडला. आणखी आठशे. साखर सोडली, तळण सोडलं, मासळी सोडली, संध्याकाळी नुसतं मुगाचं कढण. दर शुक्रवारी आठशे ग्रॅम, हप्ता बांधल्यासारखे.

आणि चमत्कारिक गोष्ट ही, की मी बारीक होत होतो. पायजम्याची नाडी दर आठवड्याला बोटभर आत सरकत होती. मनगटावरचं घड्याळ फिरून तळहाताकडे यायला लागलं. गाल आत गेले. आरशातला माणूस वाळत होता आणि काट्यावरचा माणूस जड होत होता.

"काटा बिघडलाय," ही म्हणाली.

मी दहा किलो तांदळाची पिशवी काट्यावर ठेवली. बरोबर दहा. हिला उभं केलं. छप्पन्न. पुढच्या शुक्रवारी परत छप्पन्न. काटा चोख होता. काटा खोटं बोलत नाही. मग खोटं कोण बोलत होतं? पायजमा?

सातव्या शुक्रवारी मी काट्यावर उभा असताना आकडा हलत होता. सेकंदभर वर, सेकंदभर खाली. मी श्वास रोखला, तरी हलतच होता. माझ्याच जागी आणखी कुणीतरी उभं आहे आणि ते एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकतंय, असं वाटत होतं.

"अहो," ही वाकलेल्या अवस्थेतच म्हणाली, "तुमच्याशी एक बोलायचं होतं."

"बोल."

"काल तुम्ही आमसुलाचं सार दोनदा मागून घेतलंत."

खरंच घेतलं होतं. लग्नाला चाळीस वर्षं झाली, मी साराला तोंड लावलेलं नाही. आणि काल दोन वाट्या प्यायलो होतो, आणि दात आंबले नव्हते.

"त्यांना आवडायचं," ही हळू म्हणाली. कुणाला, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. लूम बंद होते. मी पाय उचलून काट्यावरून खाली ठेवला. टक्.

आमच्या तळमजल्यावर गफ्फारभाई राहतात. पूर्वी त्यांचे स्वतःचे चोवीस लूम होते. आता मुलं बघतात आणि हे माझ्याकडे चहाला येतात. मी त्यांना वही दाखवली. त्यांनी पानं उलटली, माझ्याकडे पाहिलं, मग परत वहीकडे पाहिलं.

"अण्णा, तुम्ही सुकत चाललात, आणि वजन चढतंय?"

"तेच तर."

"ये तो अजीब है. म्हणजे जास्तीचं वजन तुमचं नाहीच. दुसऱ्या कुणाचं तरी आहे."

मी हे दोन आठवडे स्वतःशी बोलायचं टाळत होतो. ते दुसऱ्याच्या तोंडून, बिस्कीट बुडवता बुडवता ऐकलं आणि अंगावर काटा आला.

मी त्यांना पाटलांची हकीकत सांगितली. त्यांचं बिस्कीट चहात पडलं.

"मग तो बिचारा अर्धवट भुकेला राहिला असेल. त्याच्या घरी जा. बोला त्याच्याशी."

अकराव्या शुक्रवारी हप्ता दोनशे ग्रॅमनं वाढला आणि आकडा आला सत्त्याहत्तर किलो दोनशे. तोवर वॉकर जाऊन काठी आली होती. पुढच्याच शुक्रवारी डॉक्टरांकडे जायचं होतं. आठशे ग्रॅमच्या हिशेबानं त्या दिवशी बरोबर अठ्ठ्याहत्तर. म्हणजे आत नाही. म्हणजे तारीख नाही. म्हणजे गॅलरी आणि टकलं.

मी जन्मभर क्लार्क. अडचण आली की मनात आधी अर्ज तयार होतो. 'विषय: माझ्या अंगावरील आपले वजन उतरवून घेणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयी सविनय कळवितो की…' पण द्यायचा कुणाकडे? पाटलांचा फोन नंबर होता माझ्याकडे. हॉस्पिटलात त्यांनीच दिला होता. पण मेलेल्या माणसाला फोन कसा लावायचा? आणि समजा उचलला, तर?

शेवटी ठरलं. गुरुवारी खारबावला समाचाराला जायचं, पाटलांच्या फोटोसमोर सारभात ठेवायचा, आणि मनातल्या मनात त्यांना सांगायचं की पोटभर जेवा आणि उद्या सकाळच्या आत उतरा. हिनं डबा भरला. डबा भरताना तिनं साराची चव घेऊन पाहिली नाही. नैवेद्याची घेत नाहीत.

गफ्फारभाईंनी गाडी काढली. मला धरून तीन मजले उतरवलं. मी पांढरा सदरा-पायजमा घातला होता, ते तर कायमच पांढऱ्या कुर्त्यात. डोक्यावर पांढरी टोपी. मागच्या सीटवर डबा होता. वळणावर तो कलंडेल म्हणून मी मागे पाहिलं, तर डबा जागचा हलला नव्हता. कुणीतरी मांडीवर धरून बसल्यासारखा.

खारबावला घर लगेच सापडलं. पाटलांनीच सांगून ठेवलं होतं, हिरव्या फाटकाचं विचारा म्हणून. आंब्याखाली मोठं अंगण, पडवीत भाताची पोती, आणि एक बाई सुपात तांदूळ निवडत बसलेली. मी हॉस्पिटलात तिला पाहिलं होतं. पाटलीणबाई. गळ्यात मंगळसूत्र होतं. मला भरून आलं. बिचारीनं अजून काढलं नाही, किंवा काढवत नसेल, असं माझ्या मनात आलं. माणूस एकदा ठरवून बसला की त्याला डोळ्यांचा उपयोग राहत नाही.

समाचाराचे आपले नियम तुम्हाला माहीत आहेत. हाक मारायची नाही, हसायचं नाही, आणि 'मेले' हा शब्द तर चुकूनही उच्चारायचा नाही. आम्ही दोघं फाटकात हात जोडून, माना खाली घालून उभे राहिलो.

"कोन तुमी?" बाई उठली.

"वहिनी, मी हॉस्पिटलात पाटलांच्या शेजारी होतो. फार वाईट झालं."

"काय वाईट झाला?"

मी मान आणखी खाली घातली. "मला यायला उशीर झाला. पण असं होईल असं वाटलं नव्हतं. एवढा धडधाकट माणूस."

तिच्या हातातलं सूप कललं. "त्याना काय झाला? आता तर चा पिऊन बाहेर परला. टेम्पोत बसून पडघ्याला चाललो बोलला."

मी गफ्फारभाईंकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून मान हलवली. दुःखानं डोक्यावर परिणाम होतो, हे आम्ही दोघांनी एकाच वेळी ओळखलं.

"वहिनी, सावरा स्वतःला," मी म्हणालो. "मी प्रत्यक्ष पाहिलं. स्ट्रेचरवर नेताना तोंडावरून चादर ओढली होती."

"हास्पिटलात नेला?"

"हो."

"तुमी बघितला?"

"या डोळ्यांनी."

सूप खाली पडलं. तांदूळ माझ्या चपलांवर आले. आणि त्या बाईनं जो टाहो फोडला तो मी जन्मात विसरणार नाही. आतून दोन सुना धावत आल्या, शेजारच्या घरातून बायका आल्या, कुणी विचारलं काय झाला, कुणी सांगितलं पाटील, टेम्पो, पडघ्याच्या वाटंला. एकीनं त्यांना फोन लावला, तर घंटी घरातच वाजली. फोन चार्जिंगला लावून ते गेले होते. त्या घंटीनं उरलेला धीरही गेला. शेजारच्या एका गड्यानं मोटारसायकल काढली आणि तो पडघ्याकडे सुटला. गफ्फारभाई रुमालानं डोळे पुसत होते. मला कुणीतरी खुर्ची दिली. तीन महिने उलटूनही या घरात दुःख किती ताजं आहे, हे पाहून मी थक्क झालो होतो.

तेवढ्यात फाटकाशी एक टेम्पो थांबला.

ड्रायव्हरच्या शेजारून एक माणूस उतरला. मी त्याला पाहिलं, आणि माझी जीभ टाळूला चिकटली. पाटीलच होते. पण हॉस्पिटलातले पाटील नव्हेत. सदरा अंगावर लोंबत होता, गळ्याची कातडी सैल, पोट निम्मं. भरदुपारच्या उन्हात ते सावकाश, काठीशिवाय, माझ्याकडे चालत येत होते. आधी पुढच्या बायका गप्प झाल्या, मग मागच्या. अंगणात फक्त त्यांच्या पावलांचा आवाज, आणि दर दुसऱ्या पावलाला एक बारीक टक्.

मी आधी जमिनीकडे पाहिलं. सावली पडत होती. मी ती दोनदा तपासली. मग पावलं पाहिली. ती पुढेच होती, उलटी नव्हती. डावा पाय वाकडा होता, पण तसा तर माझाही आहे.

पाटील मधोमध थांबले. सगळीकडे पाहिलं. हलक्या आवाजात विचारलं, "कोन गेला?"

सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं. शेवटी त्यांची बायको म्हणाली, "तुमी."

"मी?"

"हे सांगाया आलेत."

पाटलांनी मला ओळखलं. "साहेब? तुमी कवा आलात? आन् मी कवा मेलो?"

फोन विसरला म्हणून ते वाटेतून परतले होते. त्यानंतरची पाच मिनिटं मी गाळतो. पाटलीणबाई काय म्हणाल्या ते आगरी बोलीत होतं, आणि मला सगळं समजलं.

खुलासा सोपा होता. त्या दुपारी पाटलांचं बीपी चढलं म्हणून त्यांना वरच्या मजल्यावर आयसीयूत हलवलं होतं. आयसीयू शब्द ऐकून बायका रडल्या. आणि चादर? "मी निजताना तोंडावर घेतोच," पाटील म्हणाले. "माशा बसतात."

मग मी का आलो ते सांगणं भाग होतं. मी वहीच काढून दिली. पाटलांनी ती वाचली, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"साहेब, तुमचा किती वाढला?"

"आठ किलो. दोनशे ग्रॅम वर."

"माजा आठ किलो उतरला."

ते माझ्याकडे बघत राहिले, मी त्यांच्याकडे. गफ्फारभाई दोन पावलं मागे सरकले. वरच्या आंब्यावरून एक वाळकं पान पडलं, त्याचासुद्धा आवाज आला.

"उतरल न्हाय त काय," पाटलीणबाई पडवीतून म्हणाल्या. "डाक्टरनी भात बंद केलाय. आन् ह्याना काट्यावर उभा करा आधी. इथं माजी पोती मोजायचा काटा हाय, सरकारी शिक्क्याचा. बघू कुनाचा काय वाढलाय."

पडवीत भाताच्या पोत्यांचा मोठा काटा होता. मी चढलो. आकडा आला सत्त्याहत्तर किलो दोनशे. मी पाटलांकडे विजयानं पाहिलं, म्हणजे पाहा, खोटं बोलत नव्हतो.

पाटील आकड्याकडे बघतच नव्हते. ते खाली, माझ्या काठीकडे बघत होते.

"साहेब," ते म्हणाले, "काठीवर जरा जोर द्या."

दिला. आकडा घसरत घसरत सत्तरवर आला.

"आता काठी उचला."

उचलली. सत्त्याहत्तर सहाशे.

"मंग वॉकर असताना केवढा जोर देत असाल, सांगा. दोन्ही हातांनी!"

पहिल्या शुक्रवारी बारा-तेरा किलो मी वॉकरवर टाकले होते. पाय सुधारत गेला तसा हाताचा जोर कमी होत गेला, आणि आकडा वर चढत गेला. म्हणजे वहीत मी वजन लिहीतच नव्हतो. भीती किती कमी झाली, ते लिहीत होतो.

"मी वीस वरीस गाडी चालवली," पाटील पोत्यावर बसत म्हणाले. "राहनाळला तुमच्या काट्यावर यायचो. मागचा चाक फळीच्या बाहेर ठेवला की वजन कमी दिसतं. तुमी केबिनमधून बोंब मारायचा, चाक आत घे म्हनून. एकदा चुकला न्हाय तुमी."

गफ्फारभाई तोंडावर रुमाल धरून अंगणात निघून गेले. या वेळी ते रडत नव्हते.

आमसुलाच्या साराचं मात्र अजून उलगडलेलं नाही. मला ते आता आवडतं. ही म्हणते, भुलीच्या औषधानं तोंडाची चव बदलते. असेल. ती मला सार वाढते तेव्हा शेजारची खुर्ची जरा पुढे ओढून ठेवते, एवढंच.

पण माझं काम झालं होतं. सत्त्याहत्तर सहाशे म्हणजे अठ्ठ्याहत्तरच्या आत. चारशे ग्रॅमनी का होईना, डावा गुडघा माझा होता. मी निघायला उठलो.

"बसा," पाटलीणबाई म्हणाल्या. "जित्या मानसाची मेल्याची बातमी आली की त्याचा आयुष्य वाढतं. माज्या घरधन्याचा आयुष्य तुमी वाढवला. आता उपाशी जाल?"

तो स्वर आमंत्रणाचा नव्हता. शिक्षेचा होता. आणि ज्या बाईला मी भरदुपारी तिच्या नवऱ्यासाठी रडवलं होतं तिला नाही म्हणायला मला तोंड नव्हतं.

मग कोंबडी कापली गेली. तांदळाच्या भाकऱ्या आल्या, वडे आले, कोलंबी आली, चिंबोऱ्यांचा रस्सा आला. आम्ही आणलेला सारभात पाटलांनी एकट्यानं खाल्ला. मी तीन महिने मुगाच्या कढणावर काढले होते. कोलंबी मी इतके दिवस फक्त आठवली होती. वाढणाऱ्या सुना पुनःपुन्हा येत होत्या, आणि मी नको म्हटलं की पाटलीणबाई एवढंच म्हणायच्या, "का, पुन्ना कुनी मेला काय?" मी ताट पुढे करायचो.

निघताना डबा भरून दिला. तो रात्रीच्या जेवणाला संपला. उरलेले वडे सकाळी चहाबरोबर. टाकायचे कसे? अन्न आहे.

शुक्रवारी डॉक्टरांकडे गेलो. काटा दिसताच मी काठी हिच्या हातात दिली आणि ताठ उभा राहिलो. कशाला टेकलो नाही, कशाला धरलं नाही. इतका प्रामाणिक मी कधी कुठल्या काट्यावर उभा राहिलो नसेन.

अठ्ठ्याहत्तर किलो आठशे.

"आठशे ग्रॅम जास्त," डॉक्टर म्हणाले. "डाव्याचं आणखी दोन महिन्यांनी बघू. पण चेहरा तर उतरलाय तुमचा. एकदम कशानं वाढलं?"

खोटं सांगायची सवय नाही मला.

"काल समाचाराला गेलो होतो," मी म्हणालो.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कोण गेलं?"

मी हिच्याकडे पाहिलं. हिनं खिडकीबाहेर पाहिलं.

"कुणीच नाही," मी म्हणालो. "म्हणून तर जेवावं लागलं."